कपाटातले घट

नोव्हेंबरची वीस तारीख उलटली की नन्ना माझ्या मागे लागते. सकाळी बीपी घ्यायला हात पुढे कर म्हटलं, की हात पांघरुणात ओढून घेते आणि विचारते, "मेला, दाणे आणलेस?"

ही शिवी नाही, आधीच सांगून ठेवतो. माल्टाच्या भाषेत 'मेला' म्हणजे 'तर मग', 'बरं', 'अर्थात', 'मग काय तर'. माणसाला दुसरं काही सुचलं नाही की तो मेला म्हणतो. आमच्या गडहिंग्लजच्या गल्लीत हा शब्द बायका नवऱ्याला, मांजराला आणि न आलेल्या नळाला वापरतात. त्यामुळे 2022 साली इथं वृद्धाश्रमात केअरर म्हणून कामाला लागलो, तेव्हा पहिला आठवडाभर वाटायचं, की ही सगळी म्हातारी माणसं माझ्यावर खार खाऊन आहेत.

नन्ना म्हणजे आजी. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही आणि आश्रमालाही नाही. वय 88, गुडघे गेलेले, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. गाव लुआ. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधे एक 'क्यू' आहे, पण तो उच्चारायचा नसतो, घशात नुसता अडवायचा असतो. तुम्ही माल्टाला विमानाने आलात तर लुआलाच उतरता, विमानतळ तिथंच आहे. ती मला 'इब्नी' म्हणते, म्हणजे माझ्या पोरा. आमचं बोलणं इंग्रजी-माल्टीजच्या खिचडीत चालतं, पण माझ्या डोक्यात ते मराठीत उतरतं तेव्हा ती 'अगं नन्ना'च असते. आजीला कोण अहो-जाहो करतं?

तर दाणे. हे दाणे जुल्बीनासाठी. मसुराच्या भाऊबंदांतलं एक बारीक कडधान्य असतं, कबुतरांचं खाणं मिळतं त्या दुकानात पुडी मिळते. पसरट ताटलीत कापसाचा थर द्यायचा, तो भिजवायचा, वर दाणे दाट पसरायचे आणि ताटली कपाटात ठेवून दार बंद करायचं. एक दिवसाआड पाणी शिंपडायचं. उजेड अजिबात दाखवायचा नाही. महिन्याभरात त्यातून वीत-वीत लांब, पांढऱ्या दोऱ्यासारखे कोंब येतात. इतके पांढरे की पहिल्यांदा बघितल्यावर मला म्हातारीच्या विंचरलेल्या केसांची आठवण झाली. नाताळला ही ताटली बाळ येशूच्या मूर्तीभोवती, गोठ्याच्या देखाव्यापुढे ठेवायची.

मी पहिल्यांदा हे ऐकलं आणि म्हटलं, अगं, हे तर घट!

आमची आजी घटस्थापनेला पत्रावळीवर काळी माती पसरायची. शेतातलीच, चाळून घेतलेली. त्यात गहू, जोंधळा, जे असेल ते पाच-सात प्रकारचं धान. मधे कलश. रोज एक माळ आणि ओंजळभर पाणी. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात उजेड जेमतेम, त्यामुळे धान यायचं ते पिवळं धमक. दसऱ्याला ते उपटून आजोबांच्या टोपीत, आमच्या कानावर, बैलांच्या शिंगात खोवायचं. धान किती उंच आलं यावर आजी पुढच्या हंगामाचा हिशोब मांडायची. बऱ्याचदा चुकायचा, पण पुढच्या वर्षी परत मांडायची.

एवढं माहीत असल्याने मी पहिल्या वर्षी जरा शहाणपणा केला. नन्नाच्या खोलीतल्या कपाटात, तिच्या लोकरीच्या शालींखाली तीन ताटल्या होत्या. डिसेंबरच्या दहा तारखेच्या आसपास रात्रपाळीला मी दार उघडलं आणि ते फिकट, वाकलेले कोंब बघून मला कसंसंच झालं. शेतकऱ्याचं पोर ना. उन्हाविना मरायला लागलंय बिचारं, असं वाटलं. दोन ताटल्या उचलल्या आणि पूर्वेच्या खिडकीत ठेवल्या. माल्टाचं डिसेंबरातलं ऊन म्हणजे आपल्याकडचं दिवाळीनंतरचं, कोवळं पण इमानदार. दोन दिवस माझी सुट्टी होती. परत आलो तर दोन्ही ताटल्या हिरव्यागार. मी खूश. नन्नाला म्हटलं, बघ, वाचवल्या.

नन्ना बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "हे बंबीनाला नाही चालत. हे सशाला घाल." बंबीन म्हणजे बाळ येशू.

केरळच्या नर्सताई हसून हसून ट्रेसकट खाली बसल्या. सबंध आश्रमात बातमी गेली, की भारतातल्या पोराने जुल्बीनाला ऊन दाखवलं. जेवणाच्या वेळी एक म्हातारबाबा मला बघून दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, उजेड सहन होत नाही अशा आविर्भावात. हे त्यांनी थेट सहा जानेवारीपर्यंत चालवलं. उरलेल्या एका ताटलीवर त्या वर्षीचा नाताळ निभावला.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं. आई म्हणाली, "अरे, आपल्या घटाला तरी कोण ऊन दाखवतं? खुळ्या." ते मात्र खरं.

तेव्हापासून कपाटाची जबाबदारी माझी, पण देखरेखीखाली. दार उघडलं की आतून ओल्या कापसाचा, फुटक्या कडधान्याचा आणि डांबरगोळ्यांचा मिळून एक वास येतो. हा वास आला की माझ्यासाठी इथला नाताळ सुरू होतो. राजधानी वालेत्तात रिपब्लिक स्ट्रीटवर दिव्यांच्या कमानी लागतात, गर्दी होते, लोक एका हातात पास्तित्सी (सारण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री) आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन चालतात, तेही एकदा बघून आलो. छान आहे. बघून आलो, एवढंच.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. इथं नाताळ हिरवा असतो. उन्हाळाभर ही बेटं करपून खाकी पडतात, पहिला पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो आणि डिसेंबरात बांधाबांधावर गवत आणि पिवळी आंबट फुलं उगवलेली असतात. बाहेर बारा-पंधरा डिग्री, म्हणजे गडहिंग्लजची थंडीच. घरात मात्र जास्त गारठतं, कारण सगळी घरं पिवळ्या चुनखडीच्या दगडाची आणि तो दगड ओल पिऊन बसतो. दुकानांच्या काचेत बर्फ दिसतो तो कापसाचा.

प्रेसेप्यू, म्हणजे गोठ्याचा देखावा, आम्ही 13 डिसेंबरला मांडतो. तो इथला प्रजासत्ताक दिन, 1974 साली याच दिवशी माल्टा प्रजासत्ताक झालं. सुट्टी असते, नातेवाईक भेटायला येतात, त्यामुळे हाताशी माणसं असतात. 1617 साली रबातच्या डॉमिनिकन मठात माल्टातला पहिला देखावा झाला असं सांगतात. मध्यंतरी इंग्रजांच्या राज्यात ख्रिसमस ट्री आला, टर्की आली, पुडिंग आलं आणि गोठा जरा मागे पडला. तो परत घराघरात यावा म्हणून दुन जोर्ज प्रेका या धर्मगुरूंनी पुष्कळ खटपट केली. 2007 साली पोपनी त्यांना संत म्हणून जाहीर केलं. नन्नाच्या उशाशी त्यांचा फोटो आहे. 24 तारखेला संध्याकाळी मुलं कंदील घेऊन, बाळ येशूची मूर्ती मिरवत गावातून गाणी म्हणत जातात, तीही प्रथा त्यांच्या संस्थेने 1921 साली सुरू केलेली.

आता हा देखावा म्हणजे काय, तर आपला दिवाळीतला किल्ला. दुसरा शब्दच नाही. खाली फळी, वर दगड, खोकी आणि खळ लावलेला खाकी कागद चुरगाळून केलेले डोंगर, त्यात गुहा, पायवाटा, सपाट गच्चीची माल्टाची घरं. बेथलेहेमला जे असायला हवं ते थोडं आणि इथल्या गावात जे होतं ते सगळं. एका कोपऱ्यात पवनचक्की. बेथलेहेमला पवनचक्की कुठली, असं मी विचारलं. नन्नाने विचारलं, "तुमच्या किल्ल्यावर काय काय असतं?" मी सांगायला लागलो आणि लक्षात आलं, की आम्ही शिवाजी महाराजांच्या दरबाराखाली हेलिपॅड करायचो.

आणि मातीची चित्रं. आपले मावळे, तशी यांची पास्तुरी. खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ, मशकीसारखं वाद्य फुंकणारा, पाण्याचा हंडा घेतलेली बाई आणि एक पठ्ठ्या चक्क झोपलेला. देवदूत गातायत, राजे येतायत, हा आपला दगडावर डोकं टेकून गाढ. माझा आवडता तोच. नन्नाकडची पास्तुरी तिच्या आईच्या वेळची आहेत, बोटभर उंचीची, रंग उडालेली. झोपलेल्याचं एक पाऊल तुटलंय, तिथं तिने कधीतरी च्युइंगगम लावून ते चिकटवलं होतं, ते आता दगडासारखं कडक झालंय. दरवर्षी ती मला त्याला कापसात गुंडाळलेल्या पुडीतून काढायला लावते आणि म्हणते, "हळू. हा युद्धातून वाचलाय."

युद्धाचं ती एरवी बोलत नाही. लुआला विमानांची धावपट्टी, म्हणून तिथं बॉम्ब जास्त पडायचे. हिच्या वडिलांनी सगळ्यांना सिज्जीवीला नातेवाइकांकडे नेऊन ठेवलं होतं. 1942 च्या नाताळात ती सहा वर्षांची. साखर रेशनवर, पिठाची मारामार. पेरायला दाणे कुणी देईना, कारण दाणा म्हणजे जेवण. मग वडिलांनी शेजाऱ्याच्या रिकाम्या पिंजऱ्यातून, पाखराच्या वाडग्यात तळाशी राहिलेले दाणे गोळा करून आणले. बशीच्या मधोमध, रुपयाएवढ्या जागेत पेरले. "तेवढेच, पण पांढरे आले," असं ती म्हणते आणि माझ्याकडे बघते. 2022 ची आठवण करून द्यायची एकही संधी ती सोडत नाही.

खाण्याकडे येऊ. नाताळची इथली खास चीज म्हणजे 'आअ तल-आसेल'. शब्दशः मधाची कडी. बांगडीसारखा गोल, वरून कात्रीने चिरे दिलेले, त्यातून आतलं काळं सारण डोकावतं. नावात मध, पण आत मध नाहीच! आत असते एक प्रकारची काकवी. म्हणजे साखरेच्या कारखान्यातली काळी दाट मळी, त्यात रवा, संत्र्याची साल, लवंग, बडीशेपेच्या जातीचं काहीतरी. पूर्वी मधाची पोळी धुऊन आटवलेला पाक घालायचे, म्हणून मधाचं नाव राहिलं.

आता काकवीच्या गोष्टीत कोल्हापूर जिल्ह्यातला माणूस गप्प बसेल होय? मी नन्नाला सांगितलं, की आमच्याकडे गुऱ्हाळं असतात, उसाचा रस काहिलीत उकळतो, गूळ होण्याच्या जरा आधी काकवी काढतात, आम्ही ती भाकरीबरोबर खातो आणि तुमच्या डब्यातली काळी मळी तिच्यापुढे काही नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेला, आण."

गेल्या ऑक्टोबरात सुट्टीवर गेलो तेव्हा एक लिटरची बाटली आणली. आईने ती तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधली, वर माझा स्वेटर गुंडाळला. तरी दोहाच्या पुढे कुठंतरी झाकण ढिलं झालं. लुआ विमानतळावर पट्ट्यावरून माझी बॅग आली ती मुंग्यांनी ओळखली असती अशी. बॅग घरी उघडली तर पाऊण बाटली शिल्लक, उरलेली पाव स्वेटरने प्यायलेली. तो स्वेटर चार वेळा धुतला, अजून उन्हात बसलो की गोडसर वास येतो.

पण पाऊण बाटली पुरली. आश्रमाच्या स्वयंपाकघरात आम्हाला भट्टी वापरू देत नाहीत, नियम आहे आणि बरोबर आहे. नन्नाचा भाचा सगळं सामान घरी घेऊन गेला, त्याच्या बायकोने केलं आणि 22 डिसेंबरला टिनच्या डब्यातून चोवीस कड्या आल्या. अर्ध्या काळ्या मळीच्या, अर्ध्या आमच्या काकवीच्या. काकवीच्या जरा फिक्या, सोनेरी तपकिरी. नन्नाने एक तुकडा तोंडात धरून बराच वेळ घोळवला. मग दुसरा घेतला. मग म्हणाली, "ही गोड आहे. आमची कडू आहे. कडूपणा पाहिजे." आणि तिसरा तुकडा घेतला तो पुन्हा आमच्यातलाच. यावर मी काय समजायचं ते समजलो.

जुन्या काळी मुख्य जेवण टर्कीचं नव्हतं, ती म्हणते. 'हासी' असायचा, खच्ची केलेला कोंबडा, घरात नाताळसाठी मुद्दाम पोसलेला. घरी मोठी भट्टी कुणाकडे? गावच्या बेकरीवाल्याकडे ताट घेऊन जायचं. पाव काढून झाल्यावर भट्टीच्या उरल्या धगीत सगळ्या गल्लीचे कोंबडे आणि बटाटे भाजायचे. "आणि कुणाचं ताट कुणाकडे गेलं तर?" मी विचारलं. "तर ज्याचा कोंबडा लहान त्याचं नशीब," नन्ना म्हणाली.

24 तारखेची रात्र मात्र सविस्तर सांगायची आहे. 2024 ला मंगळवार होता. मला रात्रपाळी होती, पण मी एका फिलिपिनो सहकाऱ्याशी पाळी बदलून घेतली. तो बिचारा 16 तारखेपासून रोज पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जात होता, म्हणाला, मला आता झोप दिलीस तरी चालेल आणि ड्युटी दिलीस तरी. भाच्याने गाडी आणली. नन्नाला दोन शाली, लोकरीची टोपी, मांडीवर पांघरूण आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी अशी बांधून आम्ही लुआच्या सेंट अँड्र्यू चर्चला नेली.

तिला मिस्सा हवी होतीच, पण खरं आकर्षण वेगळं. इथं नाताळच्या मध्यरात्री प्रवचन फादर देत नाहीत. लहान मूल देतं. सात-आठ-दहा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, सबंध प्रवचन पाठ करून, हातवारे करून, भरलेल्या चर्चसमोर. 'प्रीतका तत-तिफेल', पोराचं प्रवचन. आणि ही प्रथा लुआत सुरू झाली, 1883 साली. हे मला नन्नाने पहिल्या भेटीत सांगितलं, दुसऱ्या भेटीत सांगितलं आणि साधारण दर सोमवारी सांगते. इतर गावांनी ती आमच्यावरून उचलली, असं म्हणताना तिची हनुवटी वर जाते. हिच्या धाकट्या भावाने 1948 साली हे प्रवचन दिलं होतं. स्टुलावर उभा राहून. मधेच विसरला, खाली आईकडे बघितलं, आई रडायला लागली, मग तोही. सहा वर्षांनी तो बोटीने ऑस्ट्रेलियाला गेला, त्या काळात इथून हजारोंनी जायचे. मेलबर्नला त्याला आता नातवंडं आहेत, पण दर नाताळला फोनवर नन्नाचा पहिला प्रश्न, "आता आठवलं का पुढचं?"

त्या वर्षी एक मुलगी होती. दोन वेण्या, पांढरा झगा, माइक तिच्या उंचीला खाली ओढलेला. मला भाषा अर्धीच कळते, त्यामुळे मी बघत होतो ते हात. 'आकाश' म्हणताना वर, 'बाळ' म्हणताना छातीशी, 'आपण सगळे' म्हणताना दोन्ही बाजूंना. महिनाभर कुणीतरी आरशासमोर बसवून घेतलेले ते हात. पहिल्या रांगेत तिची आई असावी, तिचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. आणि मग मुलगी थांबली.

तीन सेकंद असतील. चर्चमध्ये खोकलासुद्धा नाही. वरून एक विमान उतरत गेलं, त्याची घरघर छतातून आली आणि गेली. मी नन्नाकडे बघितलं. तिने माझं मनगट धरलं होतं, नखं रुतत होती. मुलीने डोळे मिटले, ओठ आत ओढले आणि मागचं एक वाक्य पुन्हा म्हणून पुढचं पकडलं. अख्ख्या चर्चने श्वास सोडला. नन्नाने माझा हात सोडला नाही. मनगटावर चार चंद्रकोरी सकाळपर्यंत होत्या.

मिस्सा संपता संपता बाळाची मूर्ती आणून गोठ्यात ठेवली. भोवती जुल्बीनाच्या ताटल्या. घरोघरून आलेल्या, प्रत्येकीच्या कोंबांची लांबी वेगळी, एक-दोन जरा पिवळट. नन्नाने व्हीलचेअर तिथं थांबवायला लावली आणि सगळ्या ताटल्यांची तपासणी केली. आमची तिसऱ्या रांगेत होती. पांढरी. मी काही बोललो नाही, तीही काही बोलली नाही.

बाहेर अंगणात इम्बुल्यूता होतं. वाळलेले चेस्टनट रात्रभर भिजवायचे, त्यांच्या घड्यांत अडकलेली तांबडी साल सुईने काढायची, मग साखर, कोको, संत्र्याची साल आणि लवंग घालून शिजवायचं. कागदी पेल्यात गरम गरम, वर चमचा. रंग आणि दाटपणा थेट हुलग्याच्या माडग्याचा, फक्त गोड. चेस्टनट शिजला की उकडलेल्या रताळ्यासारखा लागतो. मी तीन पेले प्यायलो. लोक एकमेकांच्या गालाला गाल लावून "इल-मिलीद इत-तय्येब" म्हणत होते. भाषा मुळात अरबी कुळातली, त्यामुळे नाताळला मिलीद आणि देवाला अल्ला. चर्चच्या दारात उभं राहून कॅथलिक म्हाताऱ्या एकमेकींना 'अल्ला तुझं भलं करो' म्हणतात, हे आमच्या गल्लीत सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. गाडीत बसवताना नन्ना पेंगायला लागली होती. भाच्याने तिला विचारलं, "निन्नी?" लहान मुलाला झोप म्हणायचा त्यांचा शब्द आहे. आमचाही तोच आहे. मी त्याला हे सांगितलं, त्याला फारसं आश्चर्य वाटलं नाही. रात्रीचा दीड वाजला होता.

28 तारखेला सुट्टी होती म्हणून गोझोला जाऊन आलो. माल्टीजमध्ये या बेटाचं नाव ऐकायला 'आउदेश' असं येतं, मला नेहमी सरकारी आदेशच वाटतो. चिरकेव्वाहून फेरीबोट, पंचवीसेक मिनिटं. जाताना कुणी तिकीट विचारत नाही, येताना 4.65 युरो घेतात. पोहत परत येणार नाही याची खात्री असावी. बंदराच्या वरच आयनसीलेम गाव, तिथल्या शेतांमध्ये 2009 पासून जिवंत देखावा उभारतात, म्हणजे पास्तुरींच्या जागी खरी माणसं. वीस हजार चौरस मीटरचं शेत, दीडशेच्या वर माणसं जुन्या कपड्यांत, खरी गाढवं, खऱ्या मेंढ्या, लोहार, सुतार, कुंभार आणि गुहेत खरं जोडपं खऱ्या तान्ह्या बाळासह. रॉकेलच्या दिव्यांचा आणि ओल्या लेंड्यांचा वास. एका मेंढपाळाच्या झग्यातून मोबाइल वाजला, त्याने तो मेंढीआड वाकून घेतला.

एका बाईपुढे दगडी जातं होतं. ती एका हाताने, उभ्या उभ्या, हळदीकुंकवाला आल्यासारखी फिरवत होती. मला राहवलं नाही. विचारून खाली बसलो, एक पाय लांब केला, दुसरा दुमडला, खुंटा धरला आणि फिरवलं. आजी दळायची तेव्हा मी खुंट्याला नुसता हात लावून बसायचो, 'दळू लागायचो'. हाताला अजून आठवत होतं. भोवती पाच-सहा पर्यटकांनी माझे फोटो काढले. त्यांच्या अल्बममध्ये आता बेथलेहेमचा दळप्या म्हणून मी आहे, जॅकेट घातलेला.

सहा जानेवारीला तिन्ही राजे येऊन झाले की देखावा आवरायचा. डोंगराच्या घड्या, दिव्यांच्या माळा खोक्यात. पास्तुरी एकेक करून कापसात, झोपलेला सगळ्यात शेवटी. जुल्बीना तोवर माना टाकते, खालचा कापूस आंबतो. नन्ना म्हणाली, टाकून दे.

मी ताटली उचलली, पण टाकायच्या आधी त्यातले चार-पाच बरे कोंब खुडले आणि सवयीने कानावर खोवले. आरशात बघितलं तर अगदीच विचित्र दिसत होतं, कानातून दोरा निघाल्यासारखं. नन्ना बघत होती. हे काय म्हणून तिने विचारलं. मी दसऱ्याचं सांगितलं. आजोबांची टोपी, बैलांची शिंगं, सगळं. अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी, त्या मुलीसारखं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग लोकरीची टोपी डोक्यावर नीट ओढली, मान माझ्याकडे कलती केली आणि बोटाने टोपीची कड दाखवली.

"मेला," ती म्हणाली, "लाव की."